क्लाराबाईंचा पियानो

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत एखाद्या थोर स्त्रीचे चरित्र असावे असा रिवाज आहे. जिजामाता, अहिल्यादेवी, सावित्रीबाई, रमाबाई रानडे यांच्याविषयी आपल्या भगिनींनी आजवर पुष्कळ चांगले लिहिले आहे. यंदा ते काम माझ्याकडे आले. मी सातवीपर्यंत शिकलेली, घरसंसार सांभाळणारी बाई. माझ्याकडून विद्वत्तेची अपेक्षा कोणी करू नये. परंतु माझी पुतणी पियानो शिकते. तिच्याजवळ परदेशी वादकांची पुस्तके असतात, आणि दुपारी मी भाजी निवडत बसले म्हणजे ती त्यांतले मला मराठीत समजावून सांगते. त्यांतच जर्मनीतल्या क्लारा शूमान या बाईंची हकीकत मी ऐकली. त्यांना जाऊन सव्वाशे वर्षांवर काळ लोटला, पण ऐकताना वाटले की या बाई आपल्याच आळीतल्या. म्हणून त्यांचेच चरित्र लिहावयाचे ठरविले.

आणखी एक कारण आहे. आपल्या मागे आपल्या वस्तूंचे काय व्हावे, हा प्रश्न आपण बायका मनात पुष्कळ घोळवतो, पण तोंडाने बोलत नाही. बोलले तर अभद्र वाटते. सोन्याचांदीची गोष्ट निराळी. तिची किंमत सराफ सांगतो. पण आईने वापरलेली पेटी, सासऱ्यांची हस्तलिखिते, जपून ठेवलेली पत्रे यांची किंमत कोण करणार? क्लाराबाईंपुढे हा प्रश्न एकदा नव्हे, अनेकदा आला. त्यांनी काही वस्तू हाताने दिल्या, काही राखल्या, काही जाळल्या, आणि काही लेकीच्या हवाली केल्या. त्या प्रत्येकीचे पुढे काय झाले तेही आज आपल्याला कळते.

क्लाराबाईंचा जन्म १३ सप्टेंबर १८१९ रोजी जर्मनीतील लाइप्त्सिग शहरी झाला. वडील फ्रीडरिख वीक हे पियानोचे नावाजलेले शिक्षक. पियानो विकण्याचा त्यांचा धंदाही होता. आई मारियाना याही गाणाऱ्या व वाजविणाऱ्या होत्या. वडिलांचा स्वभाव फार कडक. अखेर नवराबायकोचे पटेना आणि आईने घर सोडले. त्या वेळच्या तिथल्या कायद्याने मुले बापाची. पाच वर्षांची होईपर्यंत क्लारा आईजवळ राहिली, मग बापाच्या घरी पाठविली गेली. ही मुलगी चार वर्षे उलटून गेली तरी नीट बोलत नसे. तिला ऐकू येत नाही असेच लोकांना वाटे. परंतु पियानोचे सूर तिला बोलण्याआधी कळू लागले होते.

बापाने मुलीला शिकविण्यात कसूर केली नाही, हे मान्य केले पाहिजे. रोज वाजविणे, रोज मोकळ्या हवेत चालणे, गाण्याचे व स्वररचनेचे वेगळे शिक्षण, सगळे वेळेवर. पण मुलीची रोजनिशीसुद्धा बाप लिहीत असे, आणि तीही जणू मुलगीच लिहीत आहे अशा भाषेत! हे ऐकून मला मोठे नवल वाटले. मुलीच्या नावाची वही, पण तीत मन बापाचे. २० ऑक्टोबर १८२८ रोजी, नऊ वर्षांची असताना, लाइप्त्सिगच्या गेवांडहाउस या प्रसिद्ध सभागृहात तिने प्रथम लोकांपुढे वाजविले. त्या दिवशीचा श्टाइन कारखान्याचा पियानो आज झ्विकाऊ या गावी जपून ठेवलेला आहे. पुढे बाप तिला गावोगाव, पॅरिसपर्यंत घेऊन फिरला. स्वतः रचलेला एक मोठा वाद्यप्रबंध तिने सोळाव्या वर्षी वाजविला, तेव्हा वाद्यवृंद चालविणारे होते सुप्रसिद्ध मेंडेल्सझोन. १८३८ साली व्हिएन्नाच्या बादशहाने तिला राजदरबारच्या वादकाची पदवी दिली. तेव्हा ती अठरा वर्षांची होती.

या घरी १८३० साली रॉबर्ट शूमान नावाचा तरुण शिष्य म्हणून राहावयास आला होता. तो क्लारापेक्षा नऊ वर्षांनी मोठा. त्याचे बोट दुखावले, वादक होण्याची आशा सुटली, पण रचनाकार म्हणून तो मोठा निघाला. दोघांचे एकमेकांवर मन बसले. बापाचा कडवा विरोध. ज्या मुलीच्या बोटांवर इतकी वर्षे मेहनत घेतली ती एका गरीब, चंचल प्रकृतीच्या माणसाला द्यावी हे त्याला रुचेना. येथवर बापाची बाजू आपण समजू शकतो. पण पुढे त्याने जे केले ते समजण्यापलीकडचे आहे. मुलीने मैफली करून मिळविलेला पैसा त्याने स्वतःजवळ ठेवला. तो भावांना सोडून द्यावा, आणि तिची वाद्ये व सामान परत हवे असेल तर त्याचे पैसे मोजावेत, अशा अटी घातल्या. लहानपणापासून ज्यावर हात बसला ते वाद्यसुद्धा आपले नाही, हे त्या मुलीला विसाव्या वर्षी कळले.

प्रकरण कोर्टात गेले. त्या दिवसांत तिला आसरा दिला तो बर्लिनला राहणाऱ्या आईने. कायद्याने जिच्यापासून मुलगी काढून घेतली होती, तिनेच लग्नाला लेखी संमती दिली. कोर्टाने परवानगी दिली आणि १२ सप्टेंबर १८४० रोजी लग्न लागले. दुसऱ्याच दिवशी क्लाराबाईंना एकविसावे वर्ष पुरे होणार होते, म्हणजे बापाच्या परवानगीची गरजच उरणार नव्हती. पण त्यांनी तो एक दिवसही थांबायचे नाही असे ठरविले. पुढे तीन वर्षांनी बापलेकीचा समेट झाला, हेही येथे नोंदविले पाहिजे.

लग्नाच्या सुमारास व्हिएन्नाचे प्रसिद्ध कारागीर कॉनराड ग्राफ यांनी क्लाराबाईंना एक पियानो भेट दिला. तो १८३९ सालचा. माहेरचे वाद्य अडवून ठेवलेल्या मुलीला एका परक्या कारागिराने वाद्य दिले! हाच आपल्या कथेतला पियानो. तो ध्यानात ठेवावा.

संसार सुरू झाला. आपल्याकडे म्हणतात, संसार म्हणजे दोन डगरींवर हात. क्लाराबाईंच्या तर चार डगरी होत्या. यजमान रचना करीत बसले की घरात शांतता हवी. भिंती पातळ, म्हणून बाईंना वाजविता येत नसे. यजमान फिरावयास बाहेर गेले की त्या घटका दोन घटका हात फिरवून घेत. अशा स्थितीत आठ बाळंतपणे झाली. मारी, एलिझा, युली, एमिल, लुडविग, फर्डिनांड, ऑयगेनी आणि फेलिक्स. यांतला एमिल वर्षभराचा होऊन गेला. तरीही बाई मैफली करीत, कारण यजमानांच्या रचनांवर घर चालत नव्हते. १८४४ साली दोघे रशियापर्यंत जाऊन आले. तेथे मान बाईंचा आणि यजमान बरोबर, असा प्रकार झाला. यजमानांना ते जड गेले.

बाईंच्या धैर्याची एक हकीकत सांगते. १८४९ च्या मे महिन्यात ही मंडळी ड्रेस्डेन शहरी राहत होती. तेथे बंड झाले, रस्त्यांवर गोळीबार सुरू झाला. रॉबर्टना बंडवाले लढावयास ओढून नेतील या भीतीने नवराबायको थोरल्या मुलीला घेऊन मागल्या दाराने गावाबाहेर पडली. तीन लहान मुले घरीच मोलकरणीपाशी राहिली. बाईंना तेव्हा सातवा महिना. तशाही स्थितीत त्या रात्री उलट्या फिरल्या, लढाई चाललेल्या गावात शिरल्या आणि झोपलेल्या मुलांना उठवून घेऊन आल्या. पुस्तकातले हे पान ऐकताना माझ्या हातातली मेथीची जुडी तशीच राहिली.

पुढचे दुःख मोठे आहे. यजमानांच्या मनाचा तोल पहिल्यापासूनच कधीमधी जात असे. १८५० साली ते ड्युसेलडॉर्फला नोकरीवर गेले, तेथे तो आजार वाढला. २७ फेब्रुवारी १८५४ रोजी ते घरातून निघाले आणि ऱ्हाइन नदीत उडी घेतली. लोकांनी बाहेर काढले. त्यांच्याच इच्छेने त्यांना बॉनजवळ एंडेनिख येथील रुग्णालयात ठेविले. क्लाराबाईंच्या पोटात तेव्हा शेवटचे मूल होते. डॉक्टरांनी पत्नीची भेट बंद ठेविली, ती सुमारे अडीच वर्षे! अखेर जुलै १८५६ मध्ये, यजमान जाण्याच्या दोन दिवस आधी, बाईंना त्यांचे दर्शन घडले. २९ जुलै रोजी ते गेले. शेवटच्या मुलाचे, फेलिक्सचे, तोंड त्यांनी पाहिलेच नाही.

छत्तीस वर्षांची विधवा आणि पदरी सात मुले. मित्रमंडळींनी मदतीची मैफल करून पैसा उभा करू असे सुचविले, तर बाईंनी नम्रपणे नाही म्हटले. माझे हात चालतात तोवर मी कोणाचे घेणार नाही, असा त्यांचा बाणा. मुलांना कोणाला आजीकडे, कोणाला वसतिगृहात ठेवून त्या गावोगाव फिरू लागल्या. इंग्लंडला तर त्या किती वेळा गेल्या. स्वतः रचना करणे त्यांनी जवळजवळ थांबविले आणि यजमानांच्या रचना लोकांना ऐकविल्या. आज रॉबर्ट शूमान यांचे नाव जगभर आहे, त्याचे पुष्कळसे श्रेय या बाईंच्या बोटांना आहे.

या संकटकाळी त्यांच्या घराला आधार देणारा एक तरुण होता, योहानेस ब्राम्स. १८५३ साली वीस वर्षांचा असताना तो रॉबर्टना आपल्या रचना ऐकवावयास आला होता. रॉबर्टनी त्याला डोक्यावर घेतले. घरावर आपत्ती आली तेव्हा त्याने मुले सांभाळली, घरचा हिशेब ठेविला. पुढे तो स्वतः जगप्रसिद्ध झाला. या दोघांच्या स्नेहाविषयी लोकांनी नाना तऱ्हांनी लिहिले आहे. मला त्यात पडावयाचे नाही. चाळीस वर्षे टिकलेली ती एक मोठी मैत्री होती, एवढे पुरे.

यजमान गेल्यावर तो ग्राफचा पियानो क्लाराबाईंनी ब्राम्सना दिला. येथे मी पुतणीला थांबविले. सात मुले असताना पियानो परक्याला? पण विचार केला तेव्हा उमगले. मुले लहान, घर मोडलेले, बाई आज येथे तर उद्या तेथे. ज्या वाद्यावर यजमानांचा हात फिरला होता ते कोठल्या तरी अडगळीत मुके पडून राहिले असते. ब्राम्सना त्याची किंमत माहीत होती. वस्तू रक्ताच्या नात्याने न देता जाणकाराला दिली. ब्राम्सनीही तो विकला नाही की टाकला नाही. १८७३ साली त्यांनी तो व्हिएन्नाच्या संगीतप्रेमी मंडळाला देऊन टाकला. आज तो व्हिएन्नाच्या मोठ्या संग्रहालयाच्या वाद्यदालनात आहे. कारागिराकडून बाईंकडे, बाईंकडून मित्राकडे, मित्राकडून संस्थेकडे. जेथून निघाला त्याच गावी तो परत आला, आणि वाटेत कोठे भांडण नाही, कज्जा नाही.

आता दुसरी बाजू पाहा. हेच ब्राम्स १८९७ साली वारले. त्यांच्याजवळ अमोल हस्तलिखिते व पुस्तके होती. आपल्या मागे काय करावे ते त्यांनी १८९१ साली प्रकाशकाला पत्राने कळविले होते. पण कायद्याला लागते तसे पक्के मृत्युपत्र केले नाही. मग दूरचे नातेवाईक उभे राहिले आणि कित्येक वर्षे कोर्ट चालले. संग्रह अखेर त्याच संगीतप्रेमी मंडळाला मिळाला, पण केवढ्या यातायातीने! जिवंतपणी हाताने दिलेला पियानो सुखाने पोहोचला, आणि मनात ठेवलेली इच्छा कोर्टाच्या पायऱ्या चढली.

आपल्याकडे काही वेगळे घडत नाही. माझ्या सासूबाईंचा मिरजेचा तंबोरा होता. दोन मोठ्या लाकडी खुंट्या, हस्तिदंती रंगाची नक्षी, आणि भोपळा असा की हात ठेवला तरी घुमावा. त्या गेल्या तेव्हा मी घरात नवी होते. माझे मत कोणी विचारण्याचा प्रश्नच नव्हता. घरात गाणारी एकच, माझ्या नणंदबाई. पण त्या पडल्या सासरी गेलेल्या. थोरल्या दिरांचे म्हणणे, घरातली वस्तू घरात राहावी. धाकट्यांचे म्हणणे, मग ती आमच्या खोलीत राहावी. कोणी कोणाला उघड बोलले नाही, पण दिवाळीचे येणेजाणे दोन वर्षे थंडावले. तंबोरा माळ्यावर गेला. चार पावसाळ्यांनंतर खाली काढला तेव्हा भोपळ्याला उभी चीर गेली होती. नणंदबाईंनी त्यावर नुसता हात फिरविला आणि स्वयंपाकघरात निघून गेल्या. सासूबाई जाण्यापूर्वी एक वाक्य बोलल्या असत्या तर ते वाद्य आजही वाजत असते.

पण वस्तू देणे एवढाच प्रश्न नसतो; काही वस्तू ठेवाव्यात की नाहीशा कराव्यात हाही असतो. क्लाराबाईंना तो फार छळला. यजमानांच्या अखेरच्या काळातल्या रचना त्यांच्याजवळ होत्या. त्यांत आजाराची सावली दिसते, त्यामुळे यजमानांच्या नावाला कमीपणा येईल, असे त्यांना वाटे. १८५३ सालच्या, चेलो या मोठ्या तंतुवाद्यासाठी रचलेल्या पाच रचना त्यांनी वृद्धपणी, यजमान गेल्यावर चाळीसएक वर्षांनी, नष्ट केल्या. त्या आता कोणाला कधीच ऐकता येणार नाहीत. त्याच वर्षीचा व्हायोलिनचा एक मोठा प्रबंध मात्र जाळला नाही, नुसता दाबून ठेविला. त्याचे हस्तलिखित व्हायोलिनवादक योआखिम यांच्याजवळ होते. ते पुढे बर्लिनच्या ग्रंथालयात गेले आणि १९३७ साली, शूमान यांची धाकटी मुलगी ऑयगेनी हिचा विरोध असतानाही, लोकांपुढे वाजविले गेले. आज ते जगभर वाजवितात.

क्लाराबाईंना दोष द्यावा का? मी देणार नाही. आजारी माणसाची सेवा ज्या घराने केली आहे त्यालाच ठाऊक की त्या माणसाची अब्रू झाकण्यासाठी जीव कसा तुटतो. परंतु एक गोष्ट दिसते. जे राहिले त्याचा निवाडा पुढच्या लोकांना करता आला; जे जळले त्याचा करता आला नाही. आपण ज्याला उणे समजतो त्यात दुसऱ्या कोणाला सोने दिसू शकते.

वस्तू दिली तरी मन सुटत नाही, हेही खरे. रॉबर्टच्या एका मोठ्या वाद्यवृंदरचनेची १८४१ सालची मूळ प्रत ब्राम्सच्या संग्रही होती. रॉबर्टनी स्वतः पुढे ती बदलून नवी केली होती. ब्राम्सना जुनीच अधिक आवडे. त्यांनी १८९१ साली ती छापून आणविली. क्लाराबाई रागावल्या. यजमानांनी टाकलेले तुम्ही का बाहेर काढता, असे त्यांचे म्हणणे. सत्तरी उलटलेल्या बाई आणि साठीकडे झुकलेले ब्राम्स यांचे त्यावरून चांगलेच बिनसले. पुढे सलोखा झाला. पण वस्तू देताना तिच्याबरोबर काय करावे व काय करू नये हेही बोलून घ्यावे, हा धडा त्यातून मिळतो.

पत्रांचीही तीच गोष्ट. १८८७ साली दोघांनी एकमेकांची जुनी पत्रे परत केली, म्हणजे ज्याने त्याने आपली नष्ट करावीत. क्लाराबाई ती नाहीशी करू लागल्या. तेव्हा थोरली मुलगी मारी आड आली, आणि तिच्या विनवणीने काही पत्रे वाचली.

या मारीविषयी दोन शब्द लिहिल्यावाचून राहवत नाही. तिने लग्न केले नाही. आईचे प्रवास, मैफलींचे कपडे, हिशेब, शिकवणी सर्व तिने पाहिले. १८७८ साली क्लाराबाई फ्रँकफुर्टच्या नव्या संगीत विद्यालयात अध्यापिका झाल्या तेव्हा मारी त्यांची साहाय्यक होती. पुढे ऑयगेनीही हाताशी आली. दूरदूरच्या देशांतून शिष्य येत. बाईंनी १८९२ पर्यंत शिकविले. त्यांची शेवटची जाहीर मैफल १२ मार्च १८९१ ची. तेव्हा त्या एकाहत्तर वर्षांच्या होत्या.

बाहेर मान आणि घरात मरणे. युली १८७२ साली गेली. कविता लिहिणारा फेलिक्स १८७९ साली क्षयाने गेला. लुडविगला मनोरुग्णालयात ठेवावे लागले. फर्डिनांड लढाईवर जाऊन दुखणे घेऊन आला, वेदनेवर घेतलेल्या औषधाचे व्यसन लागले, आणि १८९१ मध्ये तोही गेला. त्याच्या मुलांचा भार सत्तरीतल्या आजीने उचलला. वारस कोण, असे कोणी त्या बाईंना विचारले असते तर त्यांनी काय सांगावे? मुले आपल्या आधी जातात, हे वारसाच्या कागदात कोठे लिहिलेले नसते.

२० मे १८९६ रोजी क्लाराबाईंनी फ्रँकफुर्टला देह ठेविला. शेवटच्या दिवसांत नातवाने त्यांना आजोबांची रचना पियानोवर ऐकविली होती. बॉन येथे यजमानांच्या शेजारी त्यांना पुरले. ब्राम्स धावत निघाले, गाडी चुकली, दोन दिवस प्रवास करीत कसेबसे ते अंत्यविधीला पोहोचले. दुसऱ्या वर्षी तेही गेले.

आईच्या रोजनिशा आणि पत्रे मारीच्या हाती आली. तिने ती पेटीत बंद ठेविली नाहीत. बेर्टोल्ड लिट्समान या विद्वानाच्या स्वाधीन केली आणि त्यातून १९०२ ते १९०८ या काळात क्लाराबाईंचे तीन भागांचे चरित्र निघाले. रॉबर्टच्या जन्मगावी, झ्विकाऊ येथे जे संग्रहालय झाले, तेथेही घरच्या वस्तू गेल्या. तेथे बाईंच्या मैफलींचे छापील कार्यक्रम ठेवले आहेत. नवव्या वर्षापासून एकाहत्तराव्या वर्षापर्यंतचे, सुमारे १३००, एकापुढे एक लावलेले! बाईंनी स्वतः ते जपले होते. आपण लग्नपत्रिका रद्दीत घालतो, त्याची मला लाज वाटली. पुढे जर्मन सरकारने १०० मार्कांच्या नोटेवर क्लाराबाईंचे चित्र छापले. १९९० पासून २००१ अखेरपर्यंत ती नोट तिकडे चालत होती. नोटेच्या पाठीवर पियानोचे चित्र. ज्या मुलीची कमाई बापाने अडविली, तिच्याच चित्राची नोट देशाने चालविली.

ही हकीकत ऐकून मी माझ्यापुरते काही ठरविले आहे. भिशीच्या पैशांतून घेतलेली माझी एक पेटी आहे. मला एक मुलगी, एक मुलगा. दोघांनाही गाण्याचे अंग नाही. मुलीला तर पेटीचा भाता ओढण्याचाही कंटाळा. त्यांच्यासाठी माझ्या मायेच्या दुसऱ्या वस्तू आहेत. पेटी मी पुतणीला देणार, आणि ती मी असतानाच देणार. मुलीला हे मी समोर बसवून सांगितले. ती क्षणभर गप्प झाली. मग म्हणाली की आजीची वाटी मात्र मला हवी. ती वाटी पितळेची, कडेला चेपलेली, ताक घुसळताना लोणी काढून ठेवावयाची. मी ती भंगारात घालणार होते! विचारल्यावाचून कोणाचा जीव कशात आहे ते कळत नाही.

भगिनींनो, आता थोडे मंडळाविषयी. आपल्या कपाटात एक पेटी, दोन ढोलक्या, झांजांचे चार जोड आणि भजनांच्या हस्तलिखित वह्या आहेत. त्या कोणी दिल्या हे जुन्या दोघीतिघींनाच ठाऊक आहे. पेटी देणाऱ्या बाईंच्या घरचे उद्या ती परत मागावयास आले तर आपल्यापाशी दाखवावयास ओळ नाही, आणि बाईंनी ती कायमची दिली की वापरावयास दिली हे सांगणारेही कोणी उरणार नाही. तेव्हा माझी सूचना अशी की पुढल्या सभेत एक जाड बांधणीची वही घ्यावी. वस्तू कोणती, कोणी दिली, केव्हा दिली, मंडळ बंद पडलेच तर कोणाकडे जावी, हे तीत लिहावे आणि देणारीची सही घ्यावी. देणाऱ्या हयात आहेत तोवर हे काम होईल. पुढे होणार नाही.

घरोघरीही अशी एक वही असावी. सोन्यानाण्याचे व जागेचे वकिलाकडून करून घ्यावे, ते आपले काम नव्हे. पण पेटी कोणाला, तंबोरा कोणाला, पत्रे ठेवावी की नाही, हे आपल्याच हाताने लिहावे आणि घरच्यांना बसवून वाचून दाखवावे. ज्याला वस्तू वापरता येते त्याला ती द्यावी. ज्याला तिच्यात माणूस दिसतो त्यालाही विसरू नये. आणि हातून हाती देता येईल ते आजच द्यावे. वही मी आणीन. सभेला येताना प्रत्येकीने आपल्याला आठवते तेवढे लिहून आणावे, एवढी विनंती करून हा लेख पुरा करते.